वाइंडर पाहिजे

दुकानाबाहेरची ‘वाइंडर पाहिजे’ ही पाटी उन्हानं पांढरी पडली. आत नव्यानं तार गुंडाळायला आलेल्या, पंपाच्या जळालेल्या मोटारींचा ढीग लागलाय, आणि गावात डिग्रीवाले रिकामे बसलेत. माझ्या चौथी पास डोक्यात हे काही शिरत नाही.

काल एक पोरगी पाटी वाचत उभी राहिली.

“काका, माझा इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झालाय.”

“मोटार उघडलीस कधी?”

“पुस्तकात बघितलीय.”

मी एक जळकी मोटार पुढं सरकवली. “वास घे.”

तिनं नाकाला ओढणी लावली.

माझी बायको शांता शाळेची पायरी चढली नव्हती. पण मोटारीला नुसतं नाक लावून सांगायची, पाणी शिरलं की लोड जास्त झाला. मग तार गुंडाळताना वेढे ओठांत मोजायची. तेव्हा हाक मारली तरी ओ द्यायची नाही. तिला जाऊन दोन वर्षं झाली, मी अजून हाक मारतो.

पोरीनं ओढणी काढली, पुन्हा वाकली. “काका, मला एकच जळका वास येतोय.”

“बाकीचे पण येतील. बस.”

बसायला मी घरातनं खुर्ची आणली. शांताचं स्टूल समोरच होतं, पण ते काही मला देववलं नाही.