विहीणबाईंचे कडू लाडू

वारूळवाडीच्या ठमाबाईला कुणाचं मन मोडणं जमायचं नाही. दारात पाहुणा दिसला, की कपाळावरची आठी पुसून ती म्हणायची, "आत्ताच तुमची आठवण काढली बघा!" असं अख्ख्या गावाची आठवण काढण्यात तिचा दिवस जायचा.

चौऱ्याण्णव साली तिची लेक वैजयंती ओतूरला दिली. पहिल्याच थंडीत विहीण चिमाबाईनं मेथीचे लाडू पाठवले. ठमाबाईनं एक तोंडात घातला आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं, इतका कडू. पण भेटल्यावर म्हणाली, "इहीणबाई, असलं लाडू मी जन्मात खाल्लं न्हाईत." ते खरंच होतं म्हणा.

मग दर थंडीला डबा येऊ लागला. घरात कुणी शिवेना. ठमाबाई लाडू कुस्करून म्हशीच्या पेंडीत मिसळायची. म्हशीला कुणाची भीड नव्हती. ती पाटीत तोंड घालायची आणि फुरफुरून मागं सरायची.

दहा वर्षांनी चिमाबाईनं घर बांधलं. वास्तुशांतीला ठमाबाई दोन दिवस राहिली. दुसऱ्या दिवशी पाहते तर विहीण गुडघा चोळत मेथी भाजतेय.

"कशाला तरास घेता?"

"तरास कसला! तुमच्यासाठी करताना गुडघ्याची आठवणच ऱ्हात न्हाई."

वैजयंती तिथंच होती. सकाळपासून सासूची कुरकुर ऐकून तिचे कान किटले होते. तिला राहवलं नाही.

"आई, तू लाडू म्हशीला घालतीस. आन् आत्याबाई, तुमी मघाशी आईच्या नावानं बोटं मोडत व्हता. बास करा की आता!"

ठमाबाईची कानशिलं तापली. तिनं चोरून विहिणीकडं पाहिलं. विहिणीचंही तोंड उतरलेलं. ठमाबाईला एकदम धीर आला.

"इहीणबाई, पोरगी खोटं बोलती. माझंच वळण चुकलं."

"न्हाय वो, तुमचं वळण लई चांगलं. आमच्यात येऊन बिघडली."

दोघींनी मिळून वैजयंतीला अर्धा तास झापलं. मग खातरी पटवायला ठमाबाईनं दोन गरम लाडू खाल्ले, आणि गुडघा ठणठणीत असल्याचं दाखवायला चिमाबाईनं आणखी दोन शेर मेथी काढली.

परतताना ठमाबाईनं विहिणीनं दिलेला लाडवांचा जड डबा मुद्दाम एसटीच्या सीटखाली सरकवला आणि नारायणगावला झटकन उतरली. मागून एक माणूस डबा घेऊन धावत आला.

"मावशी, इसरला व्हता की!"

"बरं झालं बाबा," ठमाबाई म्हणाली, "न्हाईतर माझ्या जिवाला चैन पडली नसती."