टाकीच्या तळाचं पाणी

हे मी आजवर कोणाजवळच बोललो नाही. बायकोजवळ नाही, जामसांवलीच्या मारुतीपुढे हात जोडले तेव्हाही नाही. तुम्हाला सांगतो — कसं सांगावं, ते मात्र अजून कळत नाही.

राज्यांच्या सीमा नव्यानं आखल्या जात होत्या; आमचं सौंसर मध्य प्रदेशातच राहणार की मुंबई राज्यात जाणार, याच्याच गप्पा तेव्हा गावभर चालायच्या. मामांचा पेट्रोल पंप होता, मी तिथं कामाला. पेट्रोलच्या टाकीत पाणी शिरलं तर ते तळाशी वेगळं बसतं, वरून दिसत नाही. म्हणून रोज सकाळी काठीला लेप लावून ती टाकीत सोडायची. पाणी असेल तिथवर लेपाचा रंग बदलतो.

त्या गप्पांच्या नादात एका संध्याकाळी टाकीचं झाकण माझ्याकडून उघडंच राहिलं. पाऊस झाला. सकाळी काठी वर ओढली — लेप लाल. चांगला वीतभर.

पंप बंद ठेवायला हवा होता. पण मामांना काय सांगणार? मी काठी पुसली. उपसायचा पाइप तळापासून वर आहे, पाणी खालीच राहील — अशी मनाची समजूत घातली. मग टँकर आला, नवं पेट्रोल टाकीत पडलं. आता खालचं सगळं ढवळून निघणार, हे मला कळत नव्हतं का? कळत होतं.

तेवढ्यात दौलत आला. शाळेपासूनचा मित्र, कापसाच्या जिनिंगचा ट्रक चालवायचा. त्याची बायको कौसल्या बाळंतपणात अडली होती, तिला नागपूरला न्यायचं होतं. ती मागं कण्हत होती.

"भाऊ, लवकर भर."

मी भरलं. या हातांनी.

बोरगावच्या पुढं ट्रक बंद पडला. दुसरी गाडी मिळेपर्यंत कौसल्या गेली. पोटातलं लेकरूही. बातमी आली तेव्हा मी आधी काय केलं? टाकीतलं पाणी उपसून टाकलं.

तेरावं झाल्यावर दौलत पंपावर आला. "मिस्त्री म्हणते, पेट्रोलात पाणी होतं. तू तं काठी टाकली होती ना? दिसलं काय काही?"

"नाही," मी म्हणालो.

तो म्हणाला, "मंग माह्या ट्रकातच असन. म्याच पाहाले पाहिजे होतं."

त्यानं ट्रक सोडला, संत्र्यांच्या बागांत मजुरी केली. कोणी पंपाचं नाव घेतलं की तोच भांडायचा — भाऊ खोटं बोलत नाही म्हणून.

त्याच्या शेवटच्या दुखण्यात मी रोज उशाशी बसायचो. एकदा म्हणाला, "कौसल्येले म्याच मारलं, नाही का रे?"

घरात आम्ही दोघंच होतो. मी त्याच्या अंगावरची चादर सारखी केली.