मोगऱ्याला लागलेला वास

बॉक्सचं झाकण उघडलं आणि मी ते लगेच परत लावलं. मग पुन्हा उघडलं. आत बर्फावर, ओल्या फडक्यात मोगऱ्याच्या कळ्या होत्या. कळ्या टवटवीत होत्या. वास बोंबलाचा होता.

२०१७ सालचा मे महिना. डहाणूच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमार वस्तीत त्या दिवशी दीपाचं लग्न होतं, गोरज मुहूर्तावर, म्हणजे सूर्य मावळताना. मी डेकोरेटर. मंडप, स्टेज, फुलं सगळं माझ्याकडे.

दीपाची आई, हेमामावशी, बाजारात मासळी विकतात. बुकिंगला आल्या तेव्हा मी त्यांना फोनवर ऑर्किड दाखवले, कार्नेशन दाखवले. प्रत्येक फोटोला त्यांचा एकच प्रश्न.

“याला वास आहे?”

“नाही मावशी, पण दिसायला एकदम रिच.”

“मग नको.”

कारण नंतर कळलं. नवरा मुलगा तलासरीकडचा, शेतकरी घरातला. साखरपुड्यात त्यांच्यातलं कोणीतरी हसत म्हणालं होतं, “सून आणायला जाताना नाकाला रुमाल बांधू या.” मावशींनी ते ऐकलं होतं.

“माझ्या मांडवात फक्त फुलांचा वास आला पाहिजे, भाऊ. बाकी तुला करायचं ते कर.”

मे महिन्यात याचं उत्तर सोपं असतं. शेवंतीचा हंगाम गेलेला असतो. झेंडू उन्हात मान टाकतो, गुलाब कडेने करपतो. मोगरा मात्र ऐन बहरात असतो. पहाटे तोडलेली कळी संध्याकाळी उमलते. गोरज मुहूर्ताला याहून चांगलं फूल नाही. मावशींच्या व्याह्यांच्या वाडीत मोगराच होता, पण मावशींनी आधीच बजावलं होतं, “त्यांच्याकडून एक कळीसुद्धा आणायची नाही. लग्न मुलीकडचं आहे.”

म्हणून मी व्यापाऱ्याकडून मोगरा मागवला. त्याचा टेम्पो आदल्या दिवशीच येणार होता. माल लवकर येण्याची अडचण नव्हती. बर्फात ठेवली तर कळी एखादा दिवस मिटलेली राहते. अडचण माझी होती. मी एकाच दिवशी दोन लग्नं घेतली होती आणि माझे बर्फाचे बॉक्स कासा गावच्या दुसऱ्या लग्नाला गेले होते. मी एका बोटवाल्याकडून मासळीचा बॉक्स मागून आणला. साबणाने घासला, लिंबू चोळलं, नाक आत घालून पाहिलं. वास गेला होता, निदान माझ्या नाकाला. पण मोगरा आजूबाजूचा वास ओढून घेतो. बंद बॉक्समध्ये त्याने जे उरलं होतं ते सगळं ओढून घेतलं.

सकाळी मी बॉक्स घेऊन मावशींच्या अंगणात गेलो. त्यांच्या हातांवर आदल्या दिवशीची हळद अजून पिवळी होती. त्यांनी वाकून वास घेतला.

मी घाईने म्हणालो, “व्यापाऱ्याकडूनच फुलं अशी आली असतील. वरून अत्तर मारतो. कोणाला कळणार नाही.”

“व्यापारी काय बोंबील विकतो?”

मग मी खरं सांगितलं. कासाचं लग्न, बॉक्स, सगळं. त्यांचा आवाज अख्ख्या बाजाराला ऐकू जाणारा. मी शिव्यांची वाट बघत उभा राहिलो.

“अत्तर उडालं की खालचा वास वर येतो,” त्या हळू म्हणाल्या. “हे मला नको शिकवू.”

मग हात पुसून त्यांनी विहिणीला फोन लावला.

“विहीणबाई, माझ्या मांडवातल्या फुलांना मासळीचा वास लागलाय. तुमचा मोगरा पाहिजे.”

जी गोष्ट दुसऱ्या कोणी बोलू नये म्हणून त्या जिवाचं रान करत होत्या, ती त्यांनी स्वतःच्या तोंडाने, पहिल्याच वाक्यात सांगितली. माझं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर ते रास्तच होतं.

पलीकडून बाई शेतात हाक मारावी तशा बोलत होत्या, त्यामुळे मलाही ऐकू येत होतं. “थांबा हां... ए, टेम्पो सोडू नको रे! आजचा तोडा उतरव खाली!” तोडा म्हणजे त्या दिवशी तोडलेला माल. “किती पाठवू?”

“आहे तेवढा.”

“पाठवते. आणि ऐका, त्या रुमालवाल्याला मी त्याच दिवशी झापलं होतं. तुम्ही काही बोलला नाहीत, मला वाटलं ऐकलं नसेल.”

“ऐकलं होतं.”

“मग बोलायचं ना बाई!”

दुपारच्या आत जीप आली. टोपल्यांमध्ये पानांखाली त्याच पहाटेच्या कळ्या होत्या. वस्तीतल्या बायका माळा करायला बसल्या. जाळी शिवणारे दोन काकाही न बोलावता येऊन बसले. त्यांनी बांधलेलं तोरण खाडीच्या वाऱ्यातही जागचं हललं नाही. माझ्या कारागिरांना तशी गाठ अजून जमलेली नाही.

वऱ्हाड आलं तेव्हा कळ्या नुकत्या फुटायला लागल्या होत्या. विहीणबाई मांडवात शिरल्या आणि थबकल्या. वारा समुद्राकडून होता.

“वास येतोय,” त्या म्हणाल्या.

मावशींचा चेहरा उतरला. मी खाली बघितलं.

“बोंबील वाळत घातलेत ना तिकडे? परत जाताना थोडे बांधून द्या. आमच्याकडे असे मिळत नाहीत.”

मावशी आधी हसल्या, मग रडल्या, मग विहिणीला हाताला धरून पुढच्या खुर्चीवर घेऊन गेल्या. मंगलाष्टकं संपेपर्यंत मोगरा पुरता उमलला होता.

आता मी एका दिवशी एकच लग्न घेतो. काही बिघडलं तर स्वतः फोन करतो आणि पहिल्या वाक्यातच काय बिघडलं ते सांगतो. त्यावर बहुतेक वेळा शिव्या मिळतात. पण त्या संपल्या की लोक विचारतात, “बरं, आता काय लागेल?”