चौथी ओळ

मी भोकरदनला गणिताचा क्लास घ्यायचो, तेव्हा गावात इंटरनेट कॅफे नवाच आला होता. तिथे मला गणितवेड्यांचा एक ऑनलाइन ग्रुप सापडला. मराठी इंग्रजी अक्षरांत बडवायची, एकाने अवघड प्रश्न टाकायचा, बाकीच्यांनी सोडवायचा. खरं काम मात्र एकमेकांची अक्कल काढण्याचं. मला ते पहिल्याच दिवशी मानवलं.

एकदा कुणीतरी विचारलं : त्रिकोणाचे दोन कोनदुभाजक सारख्या लांबीचे असतील, तर तो त्रिकोण समद्विभुज असतो, हे सिद्ध करा. "हे तर माझी नववीची पोरं करतात," असं लिहून मी तीन ओळींत उडवून दिलं.

लगेच एक जण उगवला. नाव नाही, फोटोच्या जागी नुसतं वर्तुळ. "सर, जे सिद्ध करायचं तेच तुम्ही तिसऱ्या ओळीत धरून चाललात. चौथी ओळ काय?"

चौथी ओळ माझ्याकडे नव्हती. दुसऱ्या दिवशी मी लिहिलं, "पूर्ण लिहिली होती, पण लाइट गेली." आमच्याकडे भारनियमन रोजचंच, त्यामुळे ही सबब कुणालाही पटावी. त्याने पुन्हा विचारलं. माझी पुन्हा लाइट गेली. मग त्याने लिहिलं, "तुमची लाइट बराबर चौथ्या ओळीलाच जाते." सगळा ग्रुप माझ्यावर हसायला लागला.

हा पुण्याचाच, असं मी धरून चाललो. इतक्या थंडपणे अपमान करणारा माणूस आपल्याकडे कुठला! "एसीत बसून मराठवाड्याच्या लाइटीवर बोलू नका," असं झाडलं, आणि रागाच्या भरात हेही लिहून बसलो की शुक्रवारी सिद्धता टाकली नाही तर ग्रुप सोडीन. वर क्लासमध्ये पोरांना सांगितलं, सर एका पुणेकराची जिरवणार आहेत.

शुक्रवारी सकाळी प्लायवूडच्या केबिनमध्ये बसलो. तीन ओळी झाल्या. पुढे काही सुचेना, तेव्हा सवयीने टाइप केलं, "लाइट गेली." आणि पाठवून दिलं.

उत्तर आलं, "मंग हे कशावर लिहून राह्यले?"

खाली दुसरी ओळ आली : "शुक्रवारी भोकरदनची लाइट सकाळी जात न्हाई. दुपारी जाते."

पुणेकराला आमचं वेळापत्रक कसं ठाऊक, याचा विचार करायला माझ्याकडे वेळ नव्हता. मी उठलो, काउंटरमागे गेलो आणि मेन स्विच खाली ओढला.

"सर, काय करून राह्यले?" कॅफेवाला ओरडला.

"लाइट गेली," मी म्हणालो, आणि केबिनमध्ये येऊन बसलो.

तेवढ्यात शेजारच्या केबिनमधून, प्लायवूडवरून एक हात आला. हातात कोरा कागद आणि पेन.

"कागदावर लिहा सर. कागदाला लाइट लागत न्हाई."

आवाज ओळखीचा होता. माझ्या क्लाससमोरच क्लास चालवणारे सर. मी त्यांच्या क्लासची पोरं माझ्याकडे फोडली तेव्हापासून आमचं बोलणं बंद होतं.

मी कागद घेतला. तीन ओळी झरझर लिहिल्या. मग चारचा आकडा घातला, त्याला कंस केला, आणि पेन झटकून बघू लागलो.

"पेन नवं हाय ते," पलीकडून आवाज आला.