चव बघायचा मान

आमच्या कुंडलला लग्न असो नाहीतर जत्रा, आचारी रस्सा चुलीवरून उतरवायच्या आधी वाटीभर आण्णांकडे पाठवायचा. आण्णा म्हणजे माझे वडील. फौजेत लंगरावर, म्हणजे जवानांच्या स्वयंपाकघरात, नोकरी करून आलेला माणूस, जिभेचा पक्का. ते एक मोठा भुरका मारायचे, डोळे मिटायचे आणि सगळा मांडव त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचा. "मीठ बेताचं हाय. बसवा पंगत," असं म्हणाले की मगच पत्रावळ्या पडायच्या. मला तेव्हा वाटायचं, आपला बाप गावाचा राजाच आहे.

आई गेल्यावर मी त्यांना शहरात, विश्रामबागेत माझ्याकडे आणलं. त्याला दोन वर्षं झाली. ताटात पडेल ते खायचे आणि उठायचे. चांगलं नाही, वाईट नाही. माझ्या आमटीला नावं ठेवली असती तरी चाललं असतं, पण ही मुकी जेवणं मला सोसेनात. म्हणून घराजवळ जपानी नूडल्सचं हॉटेल निघालं तेव्हा त्यांना ओढूनच नेलं. तिथं म्हणे सहा छोटे वाडगे येतात, एकेक चाखायचा. काहीतरी बोलतील, शिव्या तरी घालतील, एवढीच आशा.

पहिला वाडगा आला. तळाशी चार शेवया, वर हाडकांचा रस्सा. आण्णांनी तो दोन्ही हातांनी उचलला, भुरका मारला आणि डोळे मिटले. शेजारच्या टेबलावरची पोरं वळून बघायला लागली. मी लाजेनं अर्धी झाले. आण्णा मात्र वाढणाऱ्या मुलीला म्हणाले, "मीठ बरं हाय. पर हाडकं अजून घटकाभर शिजाय पायजे हुती. आत जाऊन सांग."

ती खरंच आत जाऊन सांगून आली. मग दुसरा वाडगा, तिसरा. प्रत्येकाला एक भुरका, एक निकाल, आणि वाडगा बाजूला. शेवटी आचारीच बाहेर आला. निघाला फलटणचा. "आवं बाबा, बराबर वळखलं तुमी. आज रस्सा लवकर उतरवला," म्हणाला. आण्णा त्या खुर्चीत हातभर उंच झाले. किती दिवसांनी बघत होते मी त्यांना असं!

सहावा वाडगा चाखून झाला तसे ते ताठ बसले. "चला, आता बसवा पंगत."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांना वाटत होतं, आपल्याला चव बघायला बोलावलंय, जेवण अजून व्हायचंय. मला काही खरं सांगवेना. गुपचूप एक मोठा वाडगा मागवला आणि तो त्यांनी भुरके मारत तळापर्यंत संपवला.

घरी चालत येताना मला एक जुनी गोष्ट आठवली. ते आले त्याच आठवड्यात जेवताना म्हणाले होते, "आमटीला मीठ कमी पडलंय." मी माझ्या नवऱ्यासमोर, म्हणजे त्यांच्या जावयासमोरच, त्यांच्यावर खेकसले होते, "डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय. गप जेवा." तेव्हापासून ते गपच जेवत होते, आणि मी दोन वर्षं सगळं आई गेल्याच्या दुःखावर ढकलत होते. मला माझीच शरम वाटली.

दुसऱ्या दिवशी आमटीला उकळी आली तशी मी वाटी भरून त्यांच्यापुढे धरली. "आण्णा, चव बघा."

त्यांनी वाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. आवाज न करता एक घोट घेतला.

"बरी हाय की."

मी आत येऊन चाखली. मीठ घालायचंच राहून गेलं होतं.