‘मगे’चा अर्थ

माझ्या बायकोच्या मामांना बिनअर्थाची गोष्ट आजवर भेटलेली नाही. भेटलीच, तरी त्यांच्या तावडीतून ती बिनअर्थाची सुटत नाही. धामापूरच्या अलीकडे त्यांचं घर, थोडं भात, मागे काजू. पण खरा धंदा लोकांच्या बोलण्याचे अर्थ लावण्याचा, तोही फुकट. एसटीचा कंडक्टर ‘पुढे सरका’ म्हणाला, तर मामा मला हळूच सांगणार की स्वारी घरी भांडून आलीय. शेजारी ‘बघूया’ म्हणाला, की ‘नाय म्हणता तो’ असं त्याच्याच देखत जाहीर करणार. देवळात कौल लावला की मामा खांबाशी हजर. देवाच्या अंगावरची उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार, एवढं आमच्याकडे कुणालाही कळतं. एकदा एका घरच्या लग्नाचा कौल चक्क डावा पडला. मामा म्हणाले, “डावी पडली खरी, पण पडताना उजवीकडे बघी होती.” गुरवाने कपाळाला हात लावला. लग्न मात्र झालं आणि अजून टिकून आहे, त्यामुळे मामांना आवरणं पुढे कुणाला जमलं नाही.

आवरायच्या त्या मामी. गावभराचे अर्थ लावणाऱ्या या गृहस्थाला बायकोचं साधं बोलणं मात्र कधी धड कळलं नाही. एकदा मामी म्हणाल्या, आज मासे नकोत. मामांनी ताडलं, रोजच्या त्या बारक्या पेडव्यांना कंटाळली बिचारी. आणि भर उन्हात मालवणला जाऊन सुरमई घेऊन आले. सोमवार होता! सोमवारी त्या घरात मासळी शिजत नाही, हे इतकी वर्षं संसार केलेल्या माणसाला आठवू नये? मामींनी सुरमई शेजारी धाडून दिली आणि म्हणाल्या, “गावाचां सगळां कळता तुमका. घरचां तेवढां सोडून.”

गेल्या वर्षी मामींना अर्धांगवायूचा झटका आला. कणकवलीच्या डॉक्टरांनी जीव वाचवला, पण उजवा हात गेला आणि जिभेवर एकच शब्द उरला: ‘मगे’. आमच्याकडे ‘मग’ला, म्हणजे ‘नंतर’लाही, ‘मगे’ म्हणतात. भूक लागली तरी ‘मगे’, पंखा बंद करायचा तरी ‘मगे’. डॉक्टर भला माणूस. त्याने समजावलं, तो शब्द आपोआप तोंडातून येतो, त्यात फार अर्थ शोधू नका. मामांनी त्याचाही अर्थ लावलाच. बाहेर आल्यावर मला म्हणाले, “फार शोधू नकात म्हणता. म्हणजे थोडो शोधलो तर चलात.”

आणि माणूस हट्टाला पेटला. मामी ‘मगे’ म्हणाल्या की पाणी हजर. पुन्हा ‘मगे’, की उशी. मग खिडकी, मग चहा, मग रेडिओ. मामींचा आवाज चढायचा, मामा घामाघूम व्हायचे, पण कळत नाही म्हणून कधी उठून गेले नाहीत. एकदा मीच वैतागून विचारलं, मामा, तुम्हाला खरंच कळतं का हो?

“नाय,” ते म्हणाले. “पण ती गप होयपर्यंत इचारूचां.”

मामी गप व्हायच्या खऱ्या. बरोबर सापडलं म्हणून की दमल्या म्हणून, देव जाणे.

पुण्याहून त्यांचा मुलगा आला, तो आईला न्यायचं ठरवूनच. तिकडच्या एका शुश्रूषा केंद्रात ठेवायचं, मामांनी अधूनमधून भेटायला जायचं. त्याचंही चुकत नव्हतं. तिथे शिकलेल्या नर्स होत्या, बोलण्याचे व्यायाम होते. म्हणाला, बाबा, तिला काय हवं ते तुम्हाला कळत नाही, तिची नुसती दमछाक होते. मग आईला विचारलं, येशील ना? मामी म्हणाल्या, “मगे.” हो म्हणाली, असं मुलगा म्हणाला. नाही म्हणाली, असं मामा म्हणाले. दोघांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी छताकडे. मला तर नुसतं ‘मगे’च ऐकू आलं होतं.

आयुष्यभर वाद घालणारे मामा त्या दिवशी अचानक नमले. “माझ्या सोयीचो अर्थ लावतंय मी, आसात तसां,” म्हणाले आणि आत गेले. गाडीत पिशवी चढली. निघण्याआधी मामी जेवून तरी जाऊ देत, म्हणून मामांनी फ्रिजमधले पेडवे काढले, स्वतः तळले, भाताबरोबर समोर ठेवले. मामींनी ताटाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, डाव्या हाताने ताट सारलं आणि असं ‘मगे’ काढलं की पडवीतलं मांजर उठून गेलं. मामा सुरू झाले: मीठ कमी? काटे? भात गार? मामी चढ्या आवाजात ‘मगे, मगे’ करतायत, आणि मुलगा एकदम हसायलाच लागला.

“बाबा, आज सोमवार आहे.”

मामांनी कपाळावर हात मारला. मामींचा अर्धा चेहरा हसला, आणि डोळे तर पुरतेच. मुलगा उठला, गाडीतली पिशवी आत आणून ठेवली आणि म्हणाला, तिथे ही भांडणार कुणाशी? व्यायाम शिकवणारी बाई कणकवलीहून बोलवू.

मामींना ताक-भात भरवून झाल्यावर मी सावंतवाडीला माझ्या घरी निघालो. मामी हल्ली फार थकतात. दर वेळी निघताना वाटतं, पुढच्या खेपेला हा शब्दही नसला तर? उंबऱ्याशी वाकून म्हटलं, येतंय, मामी.

“मगे,” मामी म्हणाल्या, अगदी हळू.

मामांनी सवयीने तोंड उघडलं.

“ऱ्हवांदे, मामा,” मी म्हटलं. “ह्यां माका कळलां.”