भुताला अडवणारं दार

त्या सुताराला अख्खी गल्ली ओळंबा म्हणायची. चौकट तपासायला दोरीला वजन बांधून ओळंबा सोडतात ना, माणूस चालायचाही तसा सरळ. तीस वर्षांत त्यानं बसवलेलं एकही दार कुरकुरलं नव्हतं की अडलं नव्हतं. पाहुणा म्हणून कुठं गेला तरी चहा येईपर्यंत घरातल्या बिजागऱ्या चाचपून यायचा.

अशा माणसाचं नाव झालं ते एका अडलेल्या दारानं.

एका पिक्चरच्या सेटवरची दारं त्याच्याकडं होती. पिक्चर घाबरवायचा होता. झपाटलेलं घर, आत लपलेला हीरो, बाहेर केस मोकळे सोडलेलं भूत. भुतानं दार ढकललं आणि दार अडलं. भूत झालेली बाई नाटकात मुरलेली. दोन धक्के देऊन म्हणाली, "अहो, जरा आतून ओढता का?" हीरोनं भिडेखातर ओढलं. पुन्हा शूटिंग करायला वेळ नव्हता, म्हणून दिग्दर्शकानं ते तसंच ठेवलं. थिएटरात लोक हसून लोळले. दुसरा भाग काढायचं ठरलं तेव्हा पोस्टरवर भुताशेजारी दारही छापलं. खाली लिहिलं, 'दार : ओळंबा'. त्यातलं एक पोस्टर ओळंब्यानं कारखान्यात खिळ्याला टांगलं. बायको ते रोज बघायची.

पहिल्या भागातलं ते दार खरं तर तिनं बसवलं होतं. तेव्हा हा तापानं फणफणला होता आणि एकच दार राहिलं होतं, म्हणून ती हत्यारांची पेटी घेऊन गेली होती. आधी दार अडल्याच्या लाजेनं ह्यानं कुणाला सांगितलं नाही, मग कौतुक व्हायला लागलं म्हणून.

दुसऱ्या भागाला दिग्दर्शकाला तसंच दार हवं होतं. भुतानं ढकललं तर ते अलगद उघडलं आणि बाई तोंडावर आत. तीनदा तेच. ओळंब्यानं मुद्दाम वाकडं बसवायला घेतलं, तरी हात आपसूक सरळ करून मोकळा व्हायचा. एकदा चिडून घट्ट केलं, तर चौघांना हलेना. दिग्दर्शकानं सरळ सांगून टाकलं, उद्या दुपारपर्यंत दार नीट अडलं पाहिजे, नाहीतर दुसरा सुतार.

घरी येऊन त्यानं भिंतीकडं बघत विचारलं, "तेव्हा तू नेमकं काय केलं होतंस?"

"नाव तुमचं छापलंय. तुम्हालाच ठाऊक असणार," बायको कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली. पुढची घडी झाल्यावर म्हणाली, "येते उद्या. पण दार कुणाचं ते तुम्ही सांगायचं. सगळ्यांसमोर."

सकाळी सगळे जमल्यावर त्यानं सांगितलं, "पहिलं दार हिचं. मी आजारी होतो."

दिग्दर्शकानं घड्याळ बघितलं. "मग बसवा की, वहिनी."

तिनं रिकामी काडेपेटी फाडली, पुठ्ठ्याची घडी वरच्या बिजागरीखाली सारली आणि स्क्रू आवळले. दाराचा पलीकडचा खालचा कोपरा उंबऱ्यावर टेकला. त्या दिवशी बिजागरीची खाच जरा खोल पडली होती, म्हणून पुठ्ठा घातला, तो जास्त झाला, एवढंच तिनं सांगितलं. पुठ्ठा दबतो, त्यामुळं दोन धक्क्यांना दार अडतं आणि तिसऱ्याला सुटतं.

भुतानं ढकललं. अडलं. कॅमेरावाल्यालासुद्धा हसू आवरेना. सेटवरच्या पोस्टरवर 'ओळंबा'चं 'ओळंब्याची बायको' करायला जागा पुरेना, म्हणून रंगाऱ्यानं छापलेल्या ओळीवर रंग मारून नवी लिहायला घेतली. ओळंबा तेवढा हसला नाही. तो दाराची वाकडी फट बघत होता.

जेवायची सुट्टी झाली, सगळे पांगले. तो हळूच दारापाशी आला, पेटी उघडली. स्क्रूड्रायव्हर नव्हता. बायको बाकावर डबा खात बसली होती, स्क्रूड्रायव्हरची मूठ बाहेर आलेली पिशवी मांडीखाली दाबून.